व्हिएतनाम, पारोळामार्गे

फेगडे सरांना निरोपाचं पहिलं जेवण मिळालं तेव्हा त्यांचा पासपोर्टचा अर्जसुद्धा झालेला नव्हता. झालं होतं इतकंच, की जिन्यात उभं राहून त्यांनी पुतण्याला, भूषणला, सहज विचारलं होतं, "व्हिएतनामला आपल्या रुपयाचे किती येतात रे?" भूषणने हा प्रश्न त्याच्या आईला सांगितला. आईने, म्हणजे इंदिराबाईंनी, तो गच्चीवर तूर वाळत घालताना शेजारच्या गच्चीवरच्या उखर्डूनानांना सांगितला. आणि दिवस मावळायच्या आत नाना दारात हजर.

"सर, कवा चालले मंग? रविवारी भरीत ठेवलं तुमच्यासाठी. नाही म्हनू नका, वांगे सांगून ठेवले."

वांगी सांगून ठेवल्यावर जळगावात माणसाला माघार घेता येत नाही. हिवाळ्याचे दिवस होते, बाजारात हिरवी, पांढरट रेघांची, तान्ह्या बाळाएवढी वांगी आली होती. कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, पेटवून त्यांवर ती वांगी भाजायची, ठेचायची, आणि केळीच्या पानावर पुरीबरोबर वाढायची. एवढं झाल्यावर कशासाठी जेवलो हा प्रश्न उरत नाही, फक्त कारण जाहीर करायचं उरतं. नानांनी ते पंगतीत उभं राहून जाहीर केलं. मग सरांच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. ज्योत्स्नाबाईंना साडी. पंगतीने टाळ्या वाजवल्या. सरांनी हात जोडले आणि मनात हिशेब केला, की हे घडून गेल्यामुळे आपण आता खरोखरच जाणार आहोत.

पितांबर फेगडे हे भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. आयुष्यात त्यांनी एकही सरळ रेघ पट्टीशिवाय काढली नव्हती. त्यांच्या भिकूआत्याला मूलबाळ नव्हतं. मुक्ताईनगरकडचा तिच्या शेताचा एक तुकडा महामार्गात गेला, त्याचा मोबदला तिने याच भाच्याच्या नावे ठेवला आणि पुढच्याच महिन्यात ती शांतपणे गेली. रक्कम मोठी नव्हती. सरांनी आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या. जळगावात राहिलं तर पैशांची रेघ वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी शून्याला टेकत होती, आणि फेगडे घराण्यातली माणसं नव्वदीपर्यंत सहज जगतात, ही मोठी अडचण होती. व्हिएतनामच्या समुद्रकाठच्या एका गावाची रेघ मात्र कागदाच्या बाहेर जात होती.

पण आलेख हा लोकांना दाखवायला होता. खरं कारण स्वयंपाकघरात होतं.

इंदिराबाई या सरांच्या मोठ्या वहिनी. भाऊ गेल्यापासून घराचा कारभार वरच्या मजल्यावरून त्याच बघत. त्या दुष्ट होत्या असं कोणीही म्हणणार नाही. सरांना टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस त्याच उशाशी बसल्या होत्या. फक्त खालच्या मजल्यावर कुकर लागला की त्या वरून शिट्ट्या ऐकत आणि ओरडत, "ज्योत्स्ना, तिसरी झाली, बंद कर!" ज्योत्स्नाबाईंना चार शिट्ट्यांची डाळ आवडत असे. लग्न झाल्यापासून ती त्यांना मिळालेली नव्हती. पडदे कोणत्या रंगाचे, पाहुण्यांना चहा की सरबत, माहेरी किती दिवस, सगळं वरून ठरून खाली येई, पाणी यावं तसं.

"मला एकदा असं घर पाहिजे," ज्योत्स्नाबाई आत्याच्या तेराव्यानंतर म्हणाल्या होत्या, "जिथं मी ठरवलं की ठरलं. भाड्याचं चालेल. पत्र्याचं चालेल."

"देतो," सर म्हणाले होते.

जळगावातच दुसरीकडे घर घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, वहिनीशी भांडून वेगळे निघाले. परदेशी गेलं तर भांडण कोणी म्हणत नाही, प्रगती म्हणतात. सरांच्या मते व्हिएतनामचा हाच सगळ्यात मोठा फायदा होता, आणि तो आलेखात दाखवता येत नव्हता.

नानांचं भरीत झालं म्हणजे समोरच्या आळीलाही करणं आलं. मग हास्यक्लबाने केलं, मग सरांच्या माजी विद्यार्थ्यांनी, मग ज्योत्स्नाबाईंच्या भिशीने. प्रत्येक ठिकाणी टॉवेल-टोपी आणि सल्ले. सल्ल्यांत सुसूत्रता नव्हती, पण आत्मविश्वास भरपूर होता.

"तथी बेडूक खातात सर, चमचा आपला न्या."

"तथी केळं आपल्यापेक्षा बारीक. तुमी रावेरचं सांगून पाहा त्याईले, एखादा धंदा होऊन जाईन."

"पऱ्हाट्या इथूनच न्या. विमानात विचारलं तं सांगा, पूजेचं सामान आहे."

सर प्रत्येकाला "विचार करतो" म्हणत. विचार करतोय असं म्हणून प्रत्यक्षात विचार न करणं ही मध्यमवर्गातली अतिशय उपयुक्त गोष्ट आहे.

एका गोष्टीची मात्र त्यांना भीती होती. आळीत चंदन नावाचा एक गृहस्थ होता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्याने दुबईला जाण्यासाठी निरोपाचा आहेर घेतला आणि एजंट पळून गेल्यामुळे तो गेलाच नाही. तेव्हापासून त्याचं नाव 'दुबई'. त्याची बायको 'दुबईवाली'. त्याच्या मुलीच्या लग्नात गुरुजींनी संकल्प सांगताना वधूपित्याचं नाव विचारलं, तर मांडवातून चार जण एकदम म्हणाले, "दुबई!" आहेर घेऊन न जाणं याला कायद्यात शिक्षा नाही. आळीत आहे.

सरांनी पासपोर्टचा अर्ज केला तो या भीतीने. आणि पहिल्याच खिडकीवर तो अडला. शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव एदलाबाद होतं, आधारकार्डावर मुक्ताईनगर.

"जन्म दोन ठिकाणी झाला का?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"गाव एकच आहे. नाव बदललं."

"तुमचं?"

"गावाचं!"

सरांनी त्याला अक्षांश-रेखांश सांगितले. एदलाबादचे आणि मुक्ताईनगरचे अक्षांश-रेखांश दशांशापर्यंत जुळतात, तेव्हा ही दोन्ही ठिकाणं एकच असली पाहिजेत, हे त्यांनी कागदावर सिद्ध करून दाखवलं. खिडकीतल्या माणसाने तो कागद आदराने परत केला आणि प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. प्रतिज्ञापत्र झालं. मग उरली ती फक्त पोलिसांची चौकशी. ती आज होईल, उद्या होईल, असं सगळे म्हणत होते.

इथपर्यंत गोष्ट सांभाळता आली असती. पण भूषणचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. ज्याच्या घरात फ्लेक्सचं यंत्र आहे त्या घरात कोणतीही बातमी लहान राहत नाही. एका सकाळी सर दूध आणायला बाहेर पडले तर चौकात ते स्वतःच दहा फूट उंच उभे होते. मागे समुद्र, वर विमान, आणि खाली ठळक अक्षरांत 'परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्याखाली तारीख.

"ही तारीख कोणी सांगितली?" सरांनी विचारलं.

"काका, तारखेशिवाय फ्लेक्स अपूर्ण दिसतो," भूषण म्हणाला. "संक्रांतीनंतरचा चांगला दिवस पाहून टाकला."

तारीख आली, पासपोर्ट आला नाही. आदल्या दिवशी सरांनी तीन वेळा तोंड उघडलं. पहिल्या वेळी इंदिराबाईंनी त्यात दहीसाखर घातली. दुसऱ्या वेळी नाना गळ्यात पडून रडले. तिसऱ्या वेळी समोरून दुबई जाताना दिसला, आणि सरांनी तोंड मिटलं.

सगळी आळी त्यांना पोहोचवायला एसटी स्टँडवर आली. मुंबईहून विमान आहे, असं सांगितलेलं होतं. मोठ्या बॅगा वर चढल्या, हार पडले, भूषणने व्हिडिओ काढला. बस सुटली, एरंडोल गेलं, आणि पारोळा आलं तेव्हा ज्योत्स्नाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"आता?"

"धुळ्याला उतरू," सर म्हणाले. "पासपोर्ट येईपर्यंत फक्त. तिथं आपल्याला ओळखणारं कोणी नाही."

अशा रीतीने भिकूआत्याच्या पैशांवर स्वस्तात राहण्यासाठी निघालेले फेगडे दांपत्य गळ्यातल्या हारांसकट धुळ्याच्या देवपुरात येऊन पोहोचलं. तिथं झुलालआबा नावाच्या एका विधुर शेतकऱ्याचं घर होतं, त्याचा वरचा मजला रिकामा होता. आबांनी भाडं सांगितलं. सरांनी ते पुन्हा विचारून घेतलं, कारण ते व्हिएतनामपेक्षा कमी होतं.

"करार कोणाच्या नावावर करू?" आबांच्या ओळखीच्या वकिलाने विचारलं. सरांचे सगळे मूळ कागद अर्जाच्या फाइलमध्ये बॅगेच्या तळाशी होते. ज्योत्स्नाबाईंचं आधारकार्ड पर्समध्ये वर होतं. "हिच्या नावावर करा," सर म्हणाले, आणि हार काढून खुंटीला लावले.

आता धुळे आणि जळगाव यांत अंतर नव्वद किलोमीटरचं. पण जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माणसाला धुळ्यात पहिले काही दिवस खरोखर परदेशात आल्यासारखं वाटतं. भाषा वेगळी, तिखटाची जात वेगळी. पहिल्या सकाळी आबा जिन्यातून म्हणाले, "सर, च्या व्हयना का? नही व्हयना व्हई तर खाल या, बठ्ठा तयार शे." सरांना 'च्या' तेवढा कळला, पण तो महत्त्वाचा शब्द असल्याने ते खाली गेले.

खरी कसोटी व्हिडिओ कॉलची होती. इंदिराबाई रोज फोन करत. सरांनी डाव्या मनगटावर भारताचं आणि उजव्या मनगटावर व्हिएतनामचं, म्हणजे दीड तास पुढचं, घड्याळ बांधलं. पाठीमागे निळी चादर लावली. टेबलफॅन मोठा करून त्यासमोर वर्तमानपत्र धरलं की समुद्रासारखा आवाज येतो, हे त्यांनी प्रयोगाने शोधून काढलं, आणि कोणतं वर्तमानपत्र जास्त समुद्री वाटतं याच्याही चाचण्या घेतल्या. हे सगळं फसवणुकीसाठी चाललंय याचं त्यांना दुःख होतं, पण ते इतकं नीट चाललंय याचा अभिमानही होता.

एकदा ऐन कॉलमध्ये आबा शेतातली वांगी घेऊन दारात आले. "ताई, वांगा लई येल शेतस वावरमाईन, लेतस का?"

"कोन बोल्लं?" इंदिराबाईंनी विचारलं.

"घरमालक," सर म्हणाले. ते खरंच होतं. "इथली भाषा."

इंदिराबाई विचारात पडल्या. "ऐकाले आपल्यासारखीच वाटते हो."

"मानवी भाषांचा उगम एकच असावा असं काही अभ्यासकांचं मत आहे," सर म्हणाले आणि वर्तमानपत्र पंख्यापुढे धरलं.

या सगळ्या धांदलीत एक गोष्ट त्यांच्या उशिरा लक्षात आली. घरात पिवळे पडदे लागले होते. डाळ चार शिट्ट्यांची होत होती. सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांचा एक गट ज्योत्स्नाबाईंना हाक मारत जिन्याखाली थांबत होता, आणि ज्योत्स्नाबाई वरून त्यांना आबांच्या भाषेत उत्तर देत होत्या. 'शे', 'व्हई', 'नही', सगळं सफाईदार. आबांच्या मुलीची, ती लग्न होऊन गेल्यापासून अंगणात उभी असलेली, स्कूटी एक दिवस धुतलेली दिसली.

"ताई म्हने, शिकनी शे," आबांनी खुलासा केला. "मी म्हनं, शिका. मी शिकाडस."

चोपन्नाव्या वर्षी ज्योत्स्नाबाई स्कूटी शिकल्या. पहिल्या दिवशी त्या पानाच्या टपरीत शिरल्या, दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याने टपरी सरकवून घेतली, आणि महिन्याभरात त्यांनी लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली. आठचा आकडा काढताना त्यांचा पाय एकदाही जमिनीला लागला नाही. सर कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी सांगितलं, "वक्रता त्रिज्या बघितली का? दोन्ही वर्तुळांत सारखी. माझी बायको आहे."

त्यानंतर ते तिच्या मागे बसून देवपूरभर हिंडू लागले. सुरुवातीला कोणी बघेल म्हणून मफलर गुंडाळत. उन्हाळा लागला तसा मफलर काढावा लागला, आणि मग त्यांना कळलं, की आपली लाज तेवढी मफलरपुरतीच होती.

तेवढ्यात चैत्र संपत आला आणि जळगावहून फोन आला. हवालदार बोलत होते, आवाजात कंटाळा होता.

"फेगडे का? तुमच्या पासपोर्टची चौकशी. घरी गेलो होतो. शेजारी म्हणतात, तुम्ही व्हिएतनामला गेले."

सरांनी विचारलं, "कोण म्हणालं?"

"सगळेच. एक म्हातारे होते, उखर्डू नावाचे, त्यांनी फ्लेक्सचा फोटो दाखवला. तुमच्या वहिनींनी तुमचा तिथला व्हिडिओ दाखवला, मागे समुद्राचा आवाज होता. साहेब, माणूस परदेशात पोहोचल्यावर त्याला पासपोर्ट कशाला पाहिजे? मी काय लिहू?"

"काही लिहू नका," सर म्हणाले.

"मग गुरुवारी सकाळी घरी हजर राहा. दोन शेजारी पाहिजेत. त्यांनी सांगायचं, की हा माणूस इथंच राहतो आणि कुठं गेलेला नाही."

फोन ठेवल्यावर सरांनी या पेचाची दोन्ही टोकं तपासली. पासपोर्ट मिळायचा तर आळीने शपथेवर सांगायला हवं होतं, की फेगडे सर कुठंही गेलेले नाहीत. म्हणजे आधी आळीला ते कळायला हवं. म्हणजे दुबई. मरेपर्यंत, आणि नंतर शोकसभेतही. आणि हे टाळायचं तर पासपोर्ट सोडायचा. पण त्यांनी ज्योत्स्नाबाईंना शब्द दिला होता.

झुलालआबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, इतलं कसाले घाबरतस? खरं सांगी टाका. लोके दोन दिन हसतीन, तिसरा दिन कांदास्ना भाव पाहतीन."

"आमच्याकडे लोक वीस वर्षं हसतात," सर म्हणाले. मग ते आत गेले आणि बायकोला म्हणाले, "मी गुरुवारी जाऊन सगळ्यांसमोर खरं सांगतो. नाव जाईल माझं. पण पासपोर्ट येईल. मी तुला घर कबूल केलं होतं."

ज्योत्स्नाबाईंनी चौथ्या शिट्टीला कुकर बंद केला. "मीपण येते," त्या म्हणाल्या. "एसटीने नको. स्कूटीवर जाऊ."

गुरुवारी पहाटेच दोघं निघाली. सर मागे बसून वेगमापकावर नजर ठेवून होते, पण तक्रारीला जागा मिळाली नाही. पारोळ्याला चहा घेतला, एरंडोलला टायरची हवा बघितली. ऊन तापायच्या आत स्कूटी आळीत शिरली. सरांनी मनात वाक्य तयार ठेवलं होतं: 'मंडळी, मला एक खुलासा करायचा आहे.'

'मंडळी' एवढंच झालं. कारण आळीने त्यांना पाहिलं होतं.

"आले! आले! व्हिएतनामहून आले!" उखर्डूनाना गच्चीवरून ओरडले, आणि पुढच्या दोन मिनिटांत सरांच्या कपाळावर कुंकू होतं, पायावर पाणी होतं, आणि इंदिराबाई भाकरीचा तुकडा ओवाळून टाकत होत्या. कोणी विचारलं, विमान कुठी उतरलं. कोणी विचारलं, चॉकलेट आणलं का. भिशीतल्या बायका ज्योत्स्नाबाईंचा रंग उजळला यावर एकमत करत होत्या.

"पण काका," भूषण गाडीच्या मागे वाकून म्हणाला, "ही एमएच अठरा आहे. धुळ्याची गाडी."

सरांना वाटलं, सुटलो, आता खरं सांगता येईल. पण नानांनी भूषणला झिडकारलं. "येडा का तू? विमानतळावर भाड्यानं भेटतात गाड्या. ज्या नंबरची भेटली त्या नंबरची घ्या लागते. बाहेरदेशी जाऊन आलेल्या मानसाले काय गाडीचे नंबर इचारतं?"

सगळ्या आळीने मान डोलावली. सरांच्या ध्यानात आलं, की आता ही थाप त्यांची राहिलेली नाही. ती आळीची झाली आहे, आणि आळी ती त्यांच्यापेक्षा चांगली सांभाळते आहे.

याच वेळी हवालदार आले. त्यांनी मोटरसायकल उभी केली, फाइल काढली, आणि कपाळावरचं कुंकू, ओवाळणीचं ताट, गर्दी, सगळं पाहून घेतलं.

"हेच फेगडे का?"

"हेच, हेच!" नाना अभिमानाने म्हणाले. "आत्ताच परदेशातून आले. लिहा तुमी. मी शेजारी, मी सही करतो."

"परदेशातून आले?"

"मंग काय! तीन महिने व्हते."

हवालदारांनी पेन उघडलं. त्यांच्या आवाजातला कंटाळा पहिल्यांदाच गेला. "यांना पासपोर्ट तर मिळालेला नाही अजून. पासपोर्टशिवाय हा माणूस दुसऱ्या देशात जाऊन आला? मग हे प्रकरण माझ्याकडे राहत नाही, सर. हे वर जाईल."

इंदिराबाईंचं ओवाळणं थांबलं. ताटातला दिवा हलला. नानांचा हात हवेतच राहिला. आपण प्रेमाने या माणसाला तुरुंगाच्या दारात आणून उभं केलं आहे हे त्यांना कळायला लागलं होतं, आणि तरीही त्यातून त्याची शान कशी वाचवावी ते शोधत होते. "त्याईची... त्याईची वरपर्यंत वळख आहे साहेब," ते पुटपुटले.

"सर, तुम्हीच सांगा," हवालदार म्हणाले. "इथं राहता म्हणता तर इथं नव्हते. व्हिएतनामला होते म्हणावं तर जाता येत नाही. नक्की राहता कुठं?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. ओट्याच्या कडेला दुबईही उभा होता, आणि सगळ्यांत जास्त लक्ष देऊन तोच ऐकत होता. सरांनी मग ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं. त्यांनी हेल्मेट अजून काढलेलं नव्हतं. तयार करून ठेवलेलं वाक्य सरांना आठवलं, आणि ते त्यांना अगदी फालतू वाटलं. खुलासा कसला करायचा होता?

"धुळ्याला," ते वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले. "देवपुरात. हिच्या घरी."

"हिच्या म्हणजे?"

"माझ्या बायकोच्या. करार तिच्या नावावर आहे. मी तिथं तिच्याबरोबर राहतो. पहिल्या दिवसापासून तिथंच आहे, व्हिएतनाम मी नकाशात पाहिलेलं आहे."

एवढी शांतता त्या आळीत वीज गेल्यावरही होत नाही. मग एक आवाज आला. दुबई हसत होता. कुचेष्टेने नाही, खांद्यावरचं ओझं कोणीतरी अर्धं उचलावं तसा. तो पुढे आला आणि त्याने सरांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. "सर, एजंट पळाला तेव्हा मी महिनाभर नाशिकला लपून होतो, ते आजवर कोणाला सांगितलं नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही तर मोठ्यानं सांगितलं."

नाना ओट्यावर बसले. "म्हंजे तो समुद्र?"

"पंखा आणि वर्तमानपत्र," सर म्हणाले. कोणतं वर्तमानपत्र ते सांगण्याचा मोह त्यांनी आवरला.

"धुळे!" नाना म्हणाले. "आरं, आमी भरीत घातलं, आन तुमी धुळे?" पण ते हसू लागले होते, आणि त्यांच्यामागून सगळे. हवालदारही हसले. फाइल मिटून त्यांनी विचारलं, "मग पत्ता बदलून धुळ्याहून अर्ज करा. महिन्याभरात काम होईल. करायचं का?"

सरांनी ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं. दिलेला शब्द त्यांच्या बाजूने अजून पुरा व्हायचा होता.

"कशाला?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "मला घर पाहिजे होतं. ते झालं."

त्यावर आळीने चहा केला. दुपारचं जेवण नानांकडे झालं. पोरांनी तोवर सरांचं नाव 'व्हिएतनाम' ठेवलं होतं. पहिल्यांदा हाक आली तेव्हा सरांनी मान वळवून "काय रे?" असं विचारलं, आणि हाक मारणाऱ्याची पंचाईत झाली.

ऊन उतरल्यावर निघायची वेळ झाली तेव्हा इंदिराबाई ओट्यावर उभ्या होत्या. सकाळपासून त्या फारसं बोलल्या नव्हत्या. तीन महिने त्या रोज समुद्राकडे बघून बोलत होत्या, त्याचं त्यांना वाईट वाटलं असणार. सरांना वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

ज्योत्स्नाबाई त्यांच्यापाशी गेल्या. "अक्का," त्या म्हणाल्या, "आखाजी आली. आमच्याकडे या."

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बायका माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. इंदिराबाईंच्या माहेरी आता कोणी उरलेलं नव्हतं. आखाजीच्या दिवशी त्या गच्चीवर काहीतरी वाळत घालायचं काम काढत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे. आणि एकाच जिन्याच्या घरात राहणाऱ्या जावेला 'आमच्याकडे या' असं कधी म्हणता येत नाही, कारण 'आमचं' असं वेगळं काही नसतंच.

इंदिराबाई आत गेल्या. सरांना वाटलं, रागावल्या. पण त्या पिशवी भरून बाहेर आल्या.

"आखाजीला तं चार दिवस आहेत अजून," त्या म्हणाल्या. "आताच येते."

"अहो वहिनी, स्कूटीवर तिघं बसत नाहीत," सर म्हणाले.

"तिघं कोन म्हन्लं?"

आणि इंदिराबाई पदर खोचून ज्योत्स्नाबाईंच्या मागे बसल्या. भूषणने आपलं हेल्मेट आणून आईच्या डोक्यावर बसवलं. "हळू चालव," असं त्या म्हणेपर्यंत स्कूटी सुरू झाली होती. "अक्का," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "घट्ट धरून बसा आणि बोलू नका." इंदिराबाईंनी घट्ट धरलं. कोपऱ्यावर गाडी वळली ती एवढ्या सुबकपणे, की सरांनी न राहवून नानांचा दंड धरला आणि म्हणाले, "बघितलं का?"

मग ते एकटेच एसटी स्टँडवर आले. फलाटावर त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला, तो निरोपाच्या जेवणाला आलेला होता. त्याने वाकून नमस्कार केला. "सर, परत निघालात? कुठं?"

"घरी," सर म्हणाले, आणि धुळ्याची गाडी लागली होती तिच्यात चढून खिडकीपाशी बसले.